पाषाणपात्राची कथा

भिलाई हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे उभे राहते ते पोलाद. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्गच्या शेजारी, भातशेतीच्या मुलखात, एक नवे नगर नांदू लागले. परंतु पोलादाच्या या नगरीचा सारा प्रपंच मुळात दगडावर उभा राहिला, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. राजहऱ्याच्या डोंगरातून लोहखनिज आले, नंदिनीच्या खाणीतून चुनखडक आला, बिलासपूरकडील हिर्रीहून डोलोमाइट आला. पाहणाऱ्याला हे तिन्ही दगडच. पण भट्टीपाशी काम करणारा माणूस एकाच्या जागी दुसरा कधी घालणार नाही. एक दगड लोखंड देतो, तर दुसरा खनिजातला मळ आपल्या अंगावर घेऊन त्याची धातुमळी करतो. कोणता दगड कोणत्या कामाचा, हे ओळखण्यावरच कारखान्याचे सारे यश अवलंबून असते.

हीच ओळख एके काळी घराघरांतल्या स्वयंपाकघरात होती. दळावयाचा दगड निराळा, वाटावयाचा निराळा, आणि ज्यात दही लावावयाचे किंवा लोणचे मुरवावयाचे तो निराळा. पुढे धातूची व काचेची भांडी आली; दगडी पात्रे माळ्यावर गेली आणि त्यांच्याबरोबर ती ओळखही गेली. अलीकडे पुन्हा वाढण्यासाठी दगडाची वाडगी व कटोरे घेण्याची आवड शहरांतून दिसू लागली आहे. दुकानात त्यांच्यावर ‘नैसर्गिक दगड’ एवढीच अक्षरे असतात. नैसर्गिक तर चुनखडक आहे आणि ग्रॅनाइटही आहे. पण एकात चिंचेचे सार वाढले तर पात्राला डाग पडतो, दुसऱ्यात वाढले तर काही होत नाही. म्हणून पाषाणपात्र घरात आणावयाचे, तर त्याची कुळकथा जाणून घेणे अगत्याचे आहे.

ही कथा फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सक्कारा येथे जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे. इसवी सनापूर्वी सुमारे २६५० च्या काळातील या वास्तूखालच्या भुयारांत दगडाची सुमारे ४०,००० पात्रे सापडली. धातूचे पात्र दुर्मिळ होते आणि मातीचे पात्र फुटणारे होते, अशा काळात दगडाचे पात्र हेच चिरस्थायी वाटावे, यात नवल नाही. पुढे रोमन ग्रंथकार प्लिनी, ज्याचा मृत्यू इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात झाला, त्याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात ग्रीसमधील सिफ्नोस बेटावरच्या एका मऊ दगडाचे वर्णन केले आहे. हा दगड चरकावर कातून त्याची शिजविण्याची व वाढण्याची भांडी करीत. तेलासह तापविल्यावर तो काळा व कठीण होई. इटलीतील कोमो येथील हिरव्या दगडाचीही अशीच भांडी होत, असे तो सांगतो. तमिळनाडूतील ‘कल्चट्टी’ वापरात काढण्यापूर्वी तिला तेल-हळद लावून, तांदळाचे धुवण व कांजी भरून कित्येक दिवस मुरवितात आणि मग मंद विस्तवावर चढवितात. सिफ्नोसच्या कारागिराची आणि तंजावरच्या गृहिणीची कधी भेट झाली नसेल. पण दगड एकाच जातीचा असल्यामुळे दोघांना सुचलेला उपायही एकाच जातीचा निघाला.

भारतीय परंपरेत पाषाणपात्राला आणखी एक मान आहे. बुद्धत्व प्राप्त झाल्यावर तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी तथागतांना अन्न देऊ केले, तेव्हा ते घ्यावयास पात्र नव्हते; म्हणून चार दिशांच्या चार लोकपालांनी दगडाची चार पात्रे आणून दिली, अशी कथा विनयपिटकात आहे. भिक्षापात्राविषयीचा हा आदर महाराष्ट्राच्या भूमीतही उमटलेला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याला ‘बुरुड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडाचे उत्खनन केले. तो स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडाची एक मोठी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत रुप्याचा, त्याच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या त्या इवल्या करंडकात मातीच्या पात्राचे तेरा तुकडे जपून ठेवलेले होते. त्याआधी १८५१ मध्ये कनिंगहॅम यांना सांचीच्या स्तूपात सारिपुत्त व मोग्गलान यांचे अवशेष मिळाले, तेही शंखजिऱ्याच्या करंडकांत. जे मोलाचे ते दगडात ठेवावे, ही भावना या साऱ्यामागे दिसते.

शास्त्रकारांनी मात्र भावनेपेक्षा व्यवहाराकडे अधिक लक्ष दिले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचा विचार आहे. ज्याला अन्नाचा लेप लागलेला नाही असे दगडी पात्र नुसत्या पाण्याने शुद्ध होते आणि लेप लागलेला असल्यास राख, पाणी व माती यांनी, असा त्याचा आशय. यहुदी धर्मशास्त्रातही दगडाच्या भांड्याला विटाळ लागत नाही असे मानीत आणि जेरुसलेमच्या परिसरात अशी भांडी विपुल सापडली आहेत. दोन दूरच्या समाजांनी स्वतंत्रपणे दगडालाच शुद्ध मानावे, याचे एक कारण त्याच्या स्वभावात असावे. घट्ट कणांचा चांगला दगड सहसा चव घेत नाही आणि चव देतही नाही.

याहून सूक्ष्म विचार सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायात कोणता पदार्थ कोणत्या पात्रात वाढावा, याची एक सुंदर व्यवस्था सांगितली आहे. तूप लोखंडाच्या पात्रात द्यावे, पेया रुप्याच्या पात्रात, फळे व भक्ष्ये पानांवर, तापवून थंड केलेले दूध तांब्याच्या पात्रात, पाणी व पानके मातीच्या पात्रात. आणि आंबट दह्या-ताकाचे प्रकार, तसेच ‘खड’ नावाचे कढीच्या जातीचे पदार्थ हे सारे दगडाच्या पात्रात वाढावेत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतो, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक होते. म्हणून तर कल्हईवाला दारावर येई. दगडाला कल्हई लागत नाही. सुश्रुताचा हा नियम म्हणजे शतकानुशतकांच्या स्वयंपाकघरांतून गोळा झालेला अनुभवच होय.

महाराष्ट्रात हा अनुभव एका शब्दात साठवलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘दगडी’. दगडाचे खोलगट पात्र ते दगडी. तीत दही लावीत, लोणचे ठेवीत. मीठ आणि आंबट यांचा जेथे दीर्घ सहवास व्हावयाचा, तेथे धातू नको, हे त्यामागचे शहाणपण. सह्याद्रीचा काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट, मुबलक होता. पण तो कठीण आणि चिवट. पाथरवटाच्या टाकीखाली त्याचे पाटे, वरवंटे, जाती आणि उखळे उत्तम होत. पातळ काठाची वाटी कोरणे मात्र कष्टाचे. वाटीला हवा मऊ दगड, म्हणजे शंखजिरे, ज्याला कोणी संगजिरे म्हणतात. हाताला ते साबणासारखे गुळगुळीत लागते आणि नखानेही त्यावर ओरखडा उठतो. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरजवळ जांभुळघाट हे गाव आहे. तेथल्या शंखजिऱ्याच्या खाणी व त्यांतून निघणारी पात्रे यांची नोंद १८७० साली चार्ल्स ग्रँट यांनी प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतांच्या गॅझेटियरमध्ये सापडते. पूर्व विदर्भातल्या घरांना आपली वाटी शोधावयास फार दूर जावे लागत नव्हते.

मराठ्यांच्या इतिहासाचा एक धागा तर या कारागिरीत थेट बिहारपर्यंत पोचला आहे. गयेच्या विष्णुपद मंदिराची आजची वास्तू अहिल्याबाई होळकरांनी उभारली. तिचे वर्ष १७८७ असे सांगतात. या कामासाठी जयपूरकडून पाथरवट आणले गेले. मंदिर पुरे झाल्यावर त्यांतील काही घराणी परत न जाता जवळच्या पत्थरकट्टी गावी स्थायिक झाली. मोठी मंदिरे रोज बांधावयाची नसतात, पण जेवावयाचे रोज असते. त्या हातांनी मूर्तींबरोबर खल, वाट्या, थाळ्या घडविल्या आणि गयेला पिंडदानास येणाऱ्या यात्रेकरूंनी त्या घरोघर नेल्या. एका पुण्यशील राणीच्या देवकार्यातून एका गावाला पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी मिळाली.

आता पुन्हा छत्तीसगडकडे वळू. या प्रदेशात मराठी पावले प्रथम उमटली ती १७४१ साली, भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांच्या स्वारीबरोबर. पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून कारभार केला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी १९५६ पर्यंत दुर्ग-रायपूरचा कारभार नागपुराहूनच चाले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार झाला, त्या दिवशीही दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर हीच होती. त्यामुळे महसूल, शाळा, कचेऱ्या, रेल्वे आणि शेवटी कारखाना, अशा वाटांनी मराठी कुटुंबे या भागात येत राहिली.

नागपुराहून पूर्वेकडे निघालेल्या माणसाच्या पायांखालचा दगड बदलतो. दख्खनचा काळा पत्थर नागपूरच्या आसपास संपतो. पुढे ग्रॅनाइट व पट्टिताश्म आणि नंतर छत्तीसगडच्या खोऱ्यात चुनखडक व शेल यांचे विस्तीर्ण थर लागतात. या भागात घरांना जी ‘फर्शी’ घालतात, तीही याच थरांची. दगड येथे फार पुरातन काळापासून माणसाच्या सोबतीला आहे. बालोद जिल्ह्यातील करकाभाट येथे महापाषाणयुगीन लोकांनी उभ्या केलेल्या शिळा आहेत. भिलाईच्या अगदी शेजारी देवबलोदा येथे कलचुरी काळातील शिवमंदिर आहे. पण जेवणाचे पात्र म्हणून येथल्या लोकांनी दगड फारसा पत्करला नाही. बासी खावयाची ती कांशाच्या बटकीत. हाही डोळसपणाच म्हणावा लागेल. कारण चुनखडकाच्या प्रदेशात आंबूस अन्नासाठी दगडाऐवजी कांसे घेणे, हेच शहाणपणाचे होते.

स्थलांतर करणारे कुटुंब आपल्याबरोबर पितळेचे डबे नेते, देव नेते, फार तर वरवंटा नेते. दगडी नेत नाही, कारण ती जड आणि नाजूक, दोन्ही असते. भिलाईच्या सेक्टरांतल्या नव्या घरांत ओटे आले, गॅस आला, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत स्टेनलेस स्टीलची भांडी सर्वत्र पसरली. त्यांना कल्हई नको, ती फुटत नाहीत आणि आंबटाने कळकतही नाहीत. सुश्रुताने दगडाला दिलेले काम स्टीलने निमूटपणे उचलले. त्यात गृहिणीची सोय झाली, हे कोणीही मान्य करील. मात्र शेजारच्या तमिळ घरात कल्चट्टीत उकळणारे वत्तकुळंबू, उडिया घरातील दगडी थाळीतला पखाळ, बंगाली घरातील पाथराची वाटी यांकडे पाहून एखाद्या मराठी आजीला आपली दगडी आठवली असेल, तर ते स्वाभाविक होते. अनेक प्रांतांचे लोक एका रांगेत राहणाऱ्या त्या नगरीत विसरलेली गोष्ट आठवून देणारे शेजार पुष्कळ होते.

आज पाषाणपात्र परत येत आहे ते गरजेपोटी नव्हे, तर हौसेपोटी. हौसेला मोल असते, पण तिला माहितीची जोड हवी. बाजारात साधारणतः पाच जातींचे दगड भेटतात. संगमरवर हा चुनखडकाचाच रूपांतरित भाऊ. मकराण्याचा संगमरवर ताजमहालाला लागला. तो देखणा आणि थंड, परंतु लिंबू, चिंच, आमसूल, दही, टोमॅटो यांतल्या आम्लाने त्याची झिलई खाल्ली जाते आणि हळदीचा डाग आत शिरतो. त्यात सुका मेवा, खडीसाखर, न चिरलेली फळे, विडे ठेवावेत. साधा चुनखडकही त्याच स्वभावाचा. ग्रॅनाइट व बेसाल्ट हे अग्निजन्य कुळातले. आंबटाला ते दाद देत नाहीत, पण जड असतात आणि एकदम तापविल्यास तडकू शकतात. वालुकाश्म सच्छिद्र असल्याने तेल व रस शोषून घेतो. ओल्या अन्नाला तो नको. शंखजिरे आंबटालाही सोसते आणि उष्णतेलाही. कढी, ताक, दही, सार यांना त्याच्याइतका योग्य दगड नाही. त्याची उणीव एवढीच की ते मऊ असल्याने चरे पडतात. म्हणून त्यात लाकडी पळीच घालावी.

ओळखावयाचे कसे? पात्राच्या बुडाखाली, जेथे कोणाची नजर जाणार नाही तेथे, नख ओढावे. ओरखडा उठला तर शंखजिरे. मग त्याच ठिकाणी लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून अर्ध्या तासाने पुसावा. डाग निस्तेज दिसला तर तो दगड चुनखडकाच्या कुळातला. केवळ फेस येतो की नाही, एवढ्यावर विसंबू नये. कारण डोलोमाइटयुक्त संगमरवर लिंबाच्या रसाने चटकन फेसाळत नाही. जबलपूरच्या भेडाघाटचा संगमरवर अशाच जातीचा आहे. त्यानंतर पाण्याचा एक थेंब आतल्या बाजूस ठेवावा. तो शोषला जाऊन तेथे काळसर ठिपका उमटला तर दगड सच्छिद्र. शेवटी गरम तेलात भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने आतून पुसून पाहावे. रंग उतरला तर दगड रंगविलेला आहे. दगडाची भुकटी राळेत घोळून केलेली पात्रेही दगड म्हणून विकली जातात. ती वजनाला हलकी असतात व हाताला लवकर ऊबदार लागतात. खऱ्या दगडाचा गारवा तळहातावर काही वेळ टिकतो.

वापराचे नियम थोडे आहेत. नव्या शंखजिऱ्याच्या पात्राला आतून-बाहेरून खाद्यतेल चोळून एक-दोन दिवस ठेवावे, मग कोमट पाण्याने धुवावे. कढत पदार्थ वाढण्यापूर्वी पात्रात गरम पाणी घालून ते ऊबदार करून घ्यावे. नाही तर जाड दगड अन्नाची ऊब स्वतःकडे ओढून घेतो. उलट श्रीखंडासाठी तेच पात्र आधी गार करून ठेवले, तर तो गारवा पंगत उठेपर्यंत टिकतो. उकळत्या पात्रावर गार पाणी ओतू नये. जेवण झाल्यावर अन्न त्यात रात्रभर ठेवू नये. मऊ फडक्याने धुवून, पूर्ण वाळवून, मगच एकावर एक रचावे.

या कथेत एक माणूस मात्र आतापर्यंत दिसलेला नाही. तो म्हणजे दगड घडविणारा. ग्रॅनाइट, वालुकाश्म, पाटीचा दगड यांच्या धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात. ते वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसांत सिलिकोसिस हा असाध्य रोग उत्पन्न करतात. मध्य प्रदेशातील मंदसोर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांत हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला होता. शंखजिऱ्याची धूळही निर्धोक नसते. त्याच्या काही खाणींत ॲस्बेस्टॉसचे तंतूही मिसळलेले असतात. घडवून, धुवून झालेल्या अखंड वाटीपासून जेवणाऱ्याला हे भय जवळजवळ नाही; ते सारे टाकी व यंत्र चालविणाऱ्याच्या वाट्याला येते. पाणी सोडून दगड कापला, धूळ ओढून नेणारी यंत्रणा बसविली, तर ते पुष्कळ कमी होते. त्याला खर्च पडतो, आणि अतिस्वस्त वाटीच्या किंमतीतून तो खर्च सहसा वगळलेला असतो. दगड ओळखण्याबरोबर तो कोठे व कसा घडला हे विचारणे, हाही निवडीचाच भाग होय.

भिलाईच्या भट्टीत चुनखडक पडतो, तो नाहीसा होण्यासाठीच. आपले अस्तित्व देऊन तो लोखंड शुद्ध करतो. पानाशेजारी ठेवलेल्या वाटीकडून मात्र आपली अपेक्षा उलट असते. अन्नाला काही देऊ नये, अन्नाकडून काही घेऊ नये आणि नातवंडांच्या पंगतीपर्यंत जसेच्या तसे राहावे, असा दगड तेथे हवा. असा दगड निवडावा कसा, हे सुश्रुताच्या काळच्या वाढप्याला ठाऊक होते, जांभुळघाटच्या कारागिराला ठाऊक होते आणि दगडीत दही लावणाऱ्या आजीलाही ठाऊक होते. बाजारातून वाटी कोणालाही आणता येईल. तिच्याबरोबर हे जाणतेपण घरी आले, तरच माळ्यावर गेलेली दगडी खऱ्या अर्थाने खाली उतरली असे म्हणता येईल.